धूर न देणारी आग : प्रोसेसरच्या तापाचा इतिहास आणि सोलापूरचा उन्हाळा

 

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, की सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. संगणक तापतो आणि मधेच बंद पडतो, हा विषय तुमच्याकडे कसा आला? उत्तर सरळ आहे. बंद पडलेल्या यंत्राचं कारण शोधणं म्हणजे अनुमान करणं, आणि अनुमान कसं करावं, कुठे चुकतं, हे शिकवण्यात आमची नोकरी गेली. दुसरं असं, की प्रोसेसरच्या तापाला एक इतिहास आहे. हा ताप आधी दिसायचा, मग दिसेनासा झाला. ज्या वर्षांत तो दिसेनासा झाला, नेमक्या त्याच वर्षांत आपल्या गावात संगणक घरोघरी आणि शाळा-कॉलेजांत पोचले. याची किंमत कोणी मोजली, ते आज बघायचं आहे.

न्यायदर्शनातलं डोंगरावरचा धूर आणि आग हे उदाहरण बहुतेकांना माहीत असतं. धूर दिसला, म्हणून आग आहे. हे बरोबर. पण उलटं चालत नाही. आग आहे म्हणून धूर असणारच, असं म्हणता येत नाही. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहाच्या परंपरेत याला दाखला देतात तो तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचा. त्यात आग आहे, धूर नाही. आगीपासून धूर निघायला ओलं सरपण लागतं. ही जास्तीची अट, तिला उपाधी म्हणतात. तेवढा लोखंडाचा गोळा लक्षात ठेवा. आजचा प्रोसेसर म्हणजे तो गोळा आहे.

पूर्वी तसं नव्हतं. आपल्या देशात बनलेला पहिला पूर्ण मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये आर. नरसिंहन यांच्या गटानं उभा केला. १९६० मध्ये तो कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव टिफ्रॅक ठेवलं. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, रेडिओत असायच्या तशा व्हॉल्व्ह. जुन्या पिढीच्या लोकांनी रेडिओची मागची बाजू पाहिली असेल. प्रत्येक नळीत एक तार लालसर पेटलेली असते. तशा छोट्या नळीची ती तार नुसती तापत ठेवायला साधारण २ वॅट लागतात. २,७०० ला दोनाने गुणा. गणित सुरू व्हायच्या आधीच सुमारे पाच हजार चारशे वॅट, म्हणजे पाच मोठ्या विजेच्या शेगड्या, अखंड चालू. इथे उष्णता लपून राहायची सोय नव्हती. ती डोळ्यांना दिसत होती, अंगाला लागत होती, आणि नळी गेली की ती विझलेली दिसायची.

आता याच्या शेजारी १९७१ सालचा इंटेलचा ४००४ ठेवा. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर. म्हणजे टिफ्रॅकच्या नळ्यांच्या जवळपास तेवढेच, पण सगळे मिळून नखाएवढ्या जागेत, आणि वीज एका वॅटच्याही आत. लोकांना वाटलं, उष्णतेचा प्रश्न मिटला. दहा वर्षांनी, १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्यातल्या ८०८८ प्रोसेसरवर ना पंखा होता, ना धातूची पट्टी. उघडाच बसलेला असायचा.

तरीही आपल्याकडे संगणकाची खोली वातानुकूलित असायची आणि चपला बाहेर काढाव्या लागायच्या. इथे बसलेल्या अनेकांनी काढल्या असतील. आम्हीही काढल्या. त्या काळी अख्ख्या कॉलेजात एसी एकच आणि तो यंत्रासाठी. प्राचार्यांच्या डोक्यावर पंखा. यावर लोक हसतात, पण ती नुसती भाविकता नव्हती. मोठ्या यंत्रांच्या काळात पडलेली ती शिस्त होती. पुढे यंत्रं छोटी झाली, घरात आली, आणि ती शिस्त सुटली. एसी गेला, चपला आत आल्या, आणि दुर्दैव असं की त्याच सुमारास प्रोसेसर पुन्हा तापायला लागला.

कसा, ते थोडक्यात. १९८९ मध्ये ४८६ आला, त्यात बारा लाखांच्या आसपास ट्रान्झिस्टर. त्याच्या पुढच्या वेगवान आवृत्त्यांवर ॲल्युमिनियमची पात्यापात्यांची पट्टी, म्हणजे हीटसिंक, दिसू लागली. १९९३ मध्ये पेंटियम आला, पंधरा-सोळा वॅटपर्यंत वीज खाणारा, आणि पट्टीवर पंखा बसवणं रोजचंच झालं. २००४ च्या फेब्रुवारीत आलेल्या पेंटियम ४ च्या प्रेस्कॉट नावाच्या आवृत्तीपर्यंत आकडा शंभर वॅटच्या पुढे गेला. शंभर वॅट म्हणजे जुना पिवळा बल्ब, त्यात काय, असं वाटेल. पण ही उष्णता एका चौरस सेंटीमीटरहून जेमतेम थोड्या मोठ्या जागेतून बाहेर पडते. घरातली हजार वॅटची विजेची शेगडी घ्या, वीतभर रुंद. तिच्या एका चौरस सेंटीमीटरमधून चारेक वॅट बाहेर येतात. प्रोसेसरच्या तेवढ्याच जागेतून नव्वदच्या आसपास. इंटेलचेच पॅट्रिक गेल्सिंगर यांनी २००१ मध्ये अभियंत्यांच्या परिषदेत सांगून ठेवलं होतं, की हे असंच चाललं तर चिपमधल्या उष्णतेची दाटी अणुभट्टीच्या पलीकडे जाईल.

हे का झालं? १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचा व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवला, तर दर चौरस सेंटीमीटरला उष्णता तेवढीच राहते. तीस वर्षं सगळा उद्योग या हिशेबावर चालला. पण व्होल्टेज एका मर्यादेखाली उतरवता येईना, आणि अतिलहान ट्रान्झिस्टर बंद असतानाही गळू लागले, थेंबथेंब गळणाऱ्या नळासारखे. मे २००४ मध्ये इंटेलनं पुढचा, आणखी वेगवान टेजस प्रोसेसर रद्द केला आणि एकाऐवजी दोन गाभ्यांचा रस्ता धरला. गंमत बघा, एक महाबलाढ्य प्रोसेसर नसला तर अनेक साध्या प्रोसेसरांना एकत्र जुंपायचं, हा मार्ग पुण्यात आधीच चोखाळला गेला होता. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० तयार झाला तो याच रीतीनं. त्यांचं कारण वेगळं होतं, बाहेरून महासंगणक मिळत नव्हता. इंटेलला तिकडे उष्णतेनं ढकललं.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे थोडा मोह होतो, तो आवरत नाही. १९६१ मध्ये आयबीएमच्या रोल्फ लँडाउअर यांनी मांडलं, की माहितीचा एक बिट पुसला की किमान काही उष्णता बाहेर पडलीच पाहिजे. प्रमाण अत्यल्प, आजचे प्रोसेसर त्याच्या कितीतरी पट जास्त उष्णता टाकतात. पण शून्य कधीच नाही. म्हणजे यंत्र कितीही चांगलं बनवा, पुसण्याला, विसरण्याला उष्णतेचा खर्च आहे. विचार म्हणजे शरीराबाहेरची काही निर्मळ गोष्ट, असं मानणाऱ्या देकार्तला हे ऐकवायला हवं होतं. असो.

आता आमच्या मुद्द्याकडे येतो. सप्टेंबर २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरच्या लोकांनी एक प्रयोग करून चित्रफीत काढली. चालू संगणकाच्या प्रोसेसरवरची हीटसिंक त्यांनी सरळ उचलून काढली. एएमडीच्या ॲथलॉननं काही क्षणांत धूर सोडला आणि तो मेला. पेंटियम ३ गोठला, पण वाचला. आणि पेंटियम ४? तो चालूच राहिला. नुसता मंदावला. त्याच्या आत तापमान ओळखणारी यंत्रणा होती. चटका वाढला की तो आपला वेग आपणच खाली आणत होता.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या रास्तच होत्या. पुढे ही सोय सगळ्याच प्रोसेसरांत आली. पण आमच्या मते त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. धूर गेला. आजाराचं लक्षण बदललं. आधी तापलेला प्रोसेसर जळायचा किंवा यंत्र धाडकन बंद पडायचं, म्हणजे कोणालाही कळायचं. आता तो हळू चालू लागला. आणि हळू चालणं हे असं लक्षण आहे, की ते कशाच्याही माथी मारता येतं.

या काळात आपलं सोलापूर काय करत होतं? २००१ नंतर एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले. गल्लोगल्ली केंद्रं. मुलांची सर्वांत जास्त गर्दी कधी? परीक्षा संपल्यावर, उन्हाळी सुट्टीत. म्हणजे एप्रिल-मे, जेव्हा इथला पारा ४२-४३ ला सहज जातो. एका खोलीत पंधरा यंत्रं, पंधरा काचेचे जाड मॉनिटर, तीस मुलं, वर पत्रा. आणि संगणकाचं टेबल कसं? सुताराकडून करून घेतलेलं, खालच्या कप्प्याला दार असलेलं, धूळ जाऊ नये म्हणून. त्या बंद कप्प्यात सीपीयू. आपल्याकडे अख्ख्या खोक्यालाच सीपीयू म्हणतात. हेही निदानाच्या आड येतं बरं का. सीपीयू गरम झाला म्हटलं की माणूस खोक्यावर हात ठेवून बघतो. खरा सीपीयू आत, टाकाएवढा, आणि त्याच्यापर्यंत हात पोचतच नाही.

यात एक साधा हिशेब आहे, तो सोलापूरकरानं पाठ करावा. न्यूटननं १७०१ मध्ये थंड होण्याचा नियम मांडला : वस्तू किती झपाट्यानं निवते, हे ती आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून. पंखा हवा थंड करत नाही, हवा हलवतो. तेव्हा २५ अंशांच्या खोलीत एखादा प्रोसेसर एखादं काम करताना ७० अंशांवर स्थिरावत असेल, तर फरक ४५ चा. तेच यंत्र, तेच काम, तोच पंखा, पण खोली ४३ ची. प्रोसेसर ८८ वर. कुठेही बिघाड नाही. फक्त गाव बदललं, महिना बदलला.

आणि वर आपली तूस. ज्या पेठांत यंत्रमाग आहेत तिथे सुताचे बारीक तंतू हवेतच असतात. पंखा ते ओढून घेतो आणि हीटसिंकच्या पात्यांवर, पंख्याच्या बरोबर खाली, थर जमतो. नुसती धूळ फुंकर मारली की उडते. तूस उडत नाही; ती पात्यांत गुंतते, दाबली जाते, नमद्यासारखी घट्ट होते. वरून पाहिलं तर पंखा गरगर फिरताना दिसतो, सगळं ठीक वाटतं. पंखा काढल्याशिवाय ती दिसतच नाही. प्रोसेसर सोलापुरी चादर पांघरून मे महिन्यात बसलेला असतो, म्हणा ना.

हे नुसतं कल्पनेनं सांगत नाही. इथल्याच एका महाविद्यालयात, २००६-०७ च्या सुमारास, एका प्रयोगशाळेतले वीस संगणक निर्लेखित करण्यासाठी समिती नेमली होती. कला शाखेचा एक सदस्य लागतो, म्हणून आम्ही. तक्रार अशी, की यंत्रं फार हळू चालतात. कारण काय, तर व्हायरस. तीन वेळा फॉरमॅट मारून झालं होतं. दुसरं मत, व्होल्टेज. तिसरं, मशीन जुनी झाली. हळू चालतं म्हणून व्हायरस, हा न्यायातला सव्यभिचार हेतू. व्हायरस नसलेलं यंत्रही हळू चालतंच, मग हळूपणावरून व्हायरस सिद्ध कसा होणार?

निदान झालं ते प्रयोगशाळेतल्या शिपायाच्या वहीवरून. कोणतं यंत्र कधी बंद पडलं किंवा अडकलं, हे त्यानं क्रमांक आणि वेळ घालून लिहून ठेवलं होतं, कुणी सांगितलं नसताना. सकाळी सातच्या तुकडीत जवळजवळ एकही नोंद नाही. साडेअकरा ते साडेचार, पानं भरलेली. जून-जुलैत पाऊस पडल्यावर पुन्हा विरळ. व्हायरस काही घड्याळ बघून उठत नाही. ते असेल तिथे हे असणं, ते नसेल तिथे हे नसणं, यालाच आपले शास्त्रकार अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. जॉन स्टुअर्ट मिलच्या पद्धती यापासून फार दूर नाहीत. त्या वहीत दोन्ही होते.

मग एक यंत्र उघडलं. अशा वेळी काय करायचं, तेही सांगून टाकतो. सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर, म्हणजे बायोसमध्ये, प्रोसेसरचं तापमान दिसतं; कोअर टेम्पसारखा छोटा प्रोग्रॅम टाकला तर काम चालू असतानाही दिसतं. ते बघा. मग खोक्याची बाजूची पट्टी काढा आणि समोर टेबल फॅन लावा. आकडा भराभर उतरला, तर दोष खोक्यातल्या कोंडलेल्या हवेचा. कप्प्याचं दार काढून टाका. उतरला नाही, तर यंत्र बंद करा, पिन काढा आणि लगेच हीटसिंकला बोट लावा, जपून. हीटसिंक चटका देत असेल तर उष्णता प्रोसेसरकडून तिथवर पोचते आहे, पुढे हवा ती नेत नाही. तूस काढा, पंखा तपासा. आणि पडद्यावर ९५ अंश असताना हीटसिंक कोमटच लागली, तर उष्णता तिथवर पोचतच नाही. मधली पेस्ट वाळून खडूसारखी झाली आहे, नाहीतर हीटसिंक नीट टेकलेली नाही. २००४ नंतरच्या इंटेलच्या बोर्डांवर ती प्लॅस्टिकच्या चार खुंट्यांवर बसायची. एक खुंटी सुटली की हीटसिंक तिरकी होते आणि डोळ्यांना काही कळत नाही. जुनी पेस्ट स्पिरिटनं पुसून मसुराच्या दाण्याएवढी नवी लावायची. जास्त लावून थंडावा वाढत नाही. ती तूप नाही.

त्या वीस यंत्रांतली बहुतेक साफसफाई आणि पेस्टवर सुधारली. एक-दोघांचे पंखे खरंच गेले होते. एकाचा पॉवर सप्लाय सदोष निघाला. म्हणजे व्होल्टेजवाल्यांचं म्हणणं त्या एका यंत्रापुरतं खरं होतं. निर्लेखनाचा प्रस्ताव मागे घेतला.

पण आम्हाला बोचली ती गोष्ट दुसरीच. दुपारी बाराची तुकडी कोणाची होती? मोहोळ, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडून एसटीनं येणाऱ्या मुलींची. सकाळी सातला त्यांना पोचता येत नव्हतं, म्हणून उरलेली वेळ त्यांच्या वाट्याला. त्यांच्या जर्नलात अपुरी प्रात्यक्षिकं, आणि शेरा : सराव कमी, गती कमी. शहरातल्या मुलांची सकाळची तुकडी हुशार. गती यंत्राची कमी होती, ती मुलींच्या नावावर लिहिली गेली. शेरे देणारे शिक्षक दुष्ट नव्हते. त्यांना समोर मंद यंत्र दिसत नव्हतं, मंद मुलगी दिसत होती, कारण यंत्र चालू होतं. त्यातून धूर निघाला असता तर असा शेरा कोणी लिहिला नसता. पुढच्या वर्षीपासून त्या तुकडीला हिवाळ्यात प्रात्यक्षिकं आणि उन्हाळ्यात लेखी काम, असं वेळापत्रक झालं. जुने शेरे मात्र जर्नलांत तसेच राहिले.

कूलरचा प्रश्न हमखास येतो, म्हणून आधीच. संगणकाच्या खोलीत वाळ्याचा कूलर चालतो का? पुस्तकं नको म्हणतात, ओलाव्यामुळे. मुंबईकरानं नाहीच लावावा. तिथली हवा आधीच ओली, पाणी उडत नाही आणि गारवा येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते, की कूलर खोली दहा-बारा अंशांनी सहज उतरवतो. आमच्या मते इथे तो लावावा, मात्र झोत सरळ यंत्रावर नको आणि एक खिडकी उघडी हवी. पाऊस सुरू झाला की बंद. कोरड्या हवेशी झगडणं या गावाला नवं नाही. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून इथल्या गिरण्यांना तीच अडचण : कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून मागखात्यात हवा ओली ठेवावी लागायची. तिथे सूत सांभाळलं जायचं आणि कामगार घामानं निथळायचे. संगणकाच्या खोलीत निदान यंत्राला आणि माणसाला एकच हवा मानवते.

शेवटी अलीकडचं थोडं. २००८ पासून इंटेलच्या प्रोसेसरांत टर्बो बूस्ट आलं. तापमानाला वाव असेल तर प्रोसेसर आपणहून वेग वाढवतो, नसेल तर वाढवत नाही. म्हणजे डिसेंबरातलं आणि मेमधलं यंत्र अगदी तेच राहत नाही. आणि २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ७००० मालिकेबद्दल तर कंपनीनंच सांगितलं, की भरपूर काम असताना ९५ अंश हे त्याचं नेहमीचं तापमान समजा, घाबरू नका. झालं! म्हणजे आकडा मोठा दिसला म्हणून बिघाड, हाही हेतू आता सव्यभिचारी ठरला. मग या यंत्रांचं निदान कशावरून करायचं? एकच काम द्यायचं, तेवढ्याच वेळासाठी, एकदा पहाटे आणि एकदा दुपारी. तापमान आणि वेग दोन्ही लिहून ठेवायचे. आणि सहा महिन्यांनी तेच पुन्हा करून ताडून बघायचं. त्या शिपायासारखी वही लागते. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या बाईंनी मघापासून हात वर केला आहे, आधी त्यांना माइक द्या.